मोसंबीचा ताण : बागेतील व प्रयोगशाळेतील

भोकरदन तालुक्यातील राजूर हे गाव गणपतीच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे; ते ज्या जालना जिल्ह्यात वसले आहे, त्याची एक ओळख मोसंबी ही होय. मोसंबीच्या शेतीत 'ताण' हा शब्द रूढ आहे. बहार धरण्यासाठी बागायतदार बागेचे पाणी हेतुपुरस्सर तोडतो. हलक्या जमिनीत कमी, भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस. पाने पिवळी पडून काही गळू लागली की ताण पुरेसा बसला असे मानतात. मग आधी आंबवणीचे, नंतर चिंबवणीचे पाणी दिले जाते व झाड फुलावर येते. पाणी तुटल्यावर पेशीत नेमके काय घडते, याचा उलगडा मात्र पुष्कळ उशिरा झाला.

त्याचा उगम वनस्पतिशास्त्रात नाही. १९५० च्या दशकात एडविन क्रेब्ज व एडमंड फिशर यांना सिअ‍ॅटल येथे स्नायूंतील एका विकराचा अभ्यास करताना असे आढळले की, फॉस्फेटचा गट जोडला असता ते विकर कार्यान्वित होते व काढला असता मंदावते. हा गट जोडणारी विकरे म्हणजेच प्रोटीन कायनेज. या शोधास १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वनस्पतींबाबतची साखळी त्यानंतर जुळली. पाणी कमी पडताच वाढणारे अ‍ॅबसिसिक आम्ल १९६० च्या दशकात ज्ञात झाले होते; त्याचे ग्राहक रेणू २००९ मध्ये हाती आले. आम्ल ग्राहकाला चिकटले की कायनेजवरील अटकाव दूर होतो, रक्षक पेशींतील आयन बाहेर पडतात आणि पर्णरंध्रे मिटतात. मोसंबीचे फुलणे याच साखळीने सिद्ध झाले असे मानणे घाईचे ठरेल. तो प्रश्न वेगळा आहे.

रंध्रे मिटल्याने पाणी वाचते, निर्माण होत नाही. शिवाय कर्बवायूची वाटही बंद होते व झाड साठवणीवर जगते. दुष्काळ सोसणारी जनुके शोधण्याच्या उत्साहात ही साधी बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. बागायतदाराचा ताण विहिरीतील पाण्याच्या भरवशावर दिलेला असतो. तो केव्हा तोडायचा हे त्याच्या हाती असते. २०१२-१३ च्या दुष्काळात तो भरवसाच उरला नाही. काहींनी टँकरच्या विकतच्या पाण्यावर झाडे जगवली. अनेकांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवली. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले, ते त्यानंतर, २०१६ मध्ये.