लिडोवर पोहोचलेले तुकोबा : १९३७ चा व्हेनिस महोत्सव, त्याचे परीक्षक आणि एक मराठी चित्रपट

🧵 १/
‘प्रभातचा “संत तुकाराम” व्हेनिसच्या महोत्सवात जगातील तीन सर्वोत्कृष्ट चित्रपटांपैकी एक ठरला.’ मराठी चित्रपटांविषयीच्या लेखांत हे वाक्य वर्षानुवर्षे आढळते. हा निवाडा कोणी दिला? त्या वर्षी स्पर्धेत आणखी कोण होते? आणि परीक्षकांच्या मागे कोणती सत्ता उभी होती?

२/
आधी महोत्सवाविषयी. व्हेनिसमध्ये कलाप्रदर्शनाची मोठी परंपरा होती, ती म्हणजे ‘बिएनाले’. तिचाच भाग म्हणून ६ ऑगस्ट १९३२ रोजी लिडो बेटावरील हॉटेल एक्सेल्सियरच्या गच्चीवर चित्रपट दाखवण्यास प्रारंभ झाला. जगातील सर्वांत जुना चित्रपट महोत्सव तो हाच. पहिल्या वर्षी परीक्षक मंडळ नव्हते. प्रेक्षकांचा कौल घेण्यात आला होता.

३/
१९३४ पासून स्पर्धा सुरू झाली आणि सर्वोच्च पारितोषिकाला नाव मिळाले ‘मुसोलिनी करंडक’. १९३६ मध्ये प्रथमच आंतरराष्ट्रीय परीक्षक मंडळ नेमले गेले. बिएनालेचे अध्यक्ष होते काउंट ज्युसेप्पे व्होल्पी, मुसोलिनीच्या मंत्रिमंडळातील माजी अर्थमंत्री. त्यामुळे येथील कलेचा निवाडा राजसत्तेपासून फार दूर नव्हता.

४/
भारतीय बोलपट येथे १९३४ मध्येच पोहोचला होता. देवकी बोस यांचा ‘सीता’ त्या वर्षी दाखवला गेला. १९३६ मध्ये ‘प्रभात’चा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘अमर ज्योती’ गेला. म्हणजे ‘संत तुकाराम’ हा व्हेनिसला गेलेला पहिला भारतीय चित्रपट नव्हे. हा गैरसमज प्रथम दूर करावयास हवा.

५/
‘प्रभात फिल्म कंपनी’ १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात स्थापन झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी हे तिचे भागीदार. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. शांताराम दिग्दर्शनाचे धनी, तर ध्वनिमुद्रण दामल्यांकडे आणि कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे.

६/
‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला तो या ध्वनी आणि कला सांभाळणाऱ्या जोडीने, दामले-फत्तेलाल यांनी. एक हिंदू, एक मुसलमान. दोघेही कोल्हापुरातील बाबूराव पेंटरांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’च्या तालमीत तयार झालेले. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे, आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिकांसाठी ओळखले जात.

७/
१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट प्रदर्शित झाला आणि तेथे सलग ५७ आठवडे चालला. एका चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ टिकणे ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. व्हेनिसचे परीक्षक हा चित्रपट पाहत होते तेव्हा मुंबईत त्याची गर्दी ओसरलेली नव्हती. घरच्या प्रेक्षकांनी आपला कौल आधीच दिला होता.

८/
या प्रेक्षकांना तुकोबांची ओळख करून देण्याची गरज नव्हती. बुलढाण्यातील रोहिणखेडसारखे गाव असो वा गिरगावातील चाळ, अभंग भजनातून मुखोद्गत झालेले होते. चित्रपटासाठी एक अभंग शांताराम आठवले यांनी नव्याने रचला, तर जाणकारांनाही तो गाथेतलाच वाटला. परंपरेशी चित्रपट किती एकरूप झाला होता, याचा याहून बोलका पुरावा नसावा.

९/
परीक्षकांची स्थिती याच्या नेमकी उलट. त्यांना मराठी येत नव्हते, वारकरी संप्रदाय परिचित नव्हता, अभंग कानांवर पडलेला नव्हता. त्यांच्यापुढे होते ते केवळ पडद्यावरचे चित्र आणि सूर. त्यांचे मत समजून घेताना हे अंतर विसरता कामा नये.

१०/
आता १९३७ ची स्पर्धा पाहू. सर्वोत्तम परदेशी चित्रपटाचा मुसोलिनी करंडक मिळाला फ्रान्सच्या ज्यूलियन द्युव्हिव्हिए यांच्या ‘अं कार्ने द बाल’ला. सर्वोत्तम इटालियन चित्रपटाचा करंडक ‘शिपिओने लाफ्रिकानो’ला. प्राचीन रोमच्या सेनापतीने आफ्रिकेत मिळवलेल्या विजयाची ती गाथा, आणि इटलीने इथिओपिया गिळंकृत करून जेमतेम वर्ष लोटलेले. हेतू उघड होता.

११/
त्याच स्पर्धेत झाँ रेन्वार यांचा ‘ला ग्रांद इल्यूझिओं’ होता. युद्धकैद्यांच्या छावणीतून युद्धाची निरर्थकता सांगणारा हा चित्रपट आज विसाव्या शतकातील श्रेष्ठ कृतींत गणला जातो. त्याला करंडक मिळाला नाही. कलात्मक सांघिक कामगिरीच्या पारितोषिकावर त्याची बोळवण झाली. नाझी जर्मनीत तर त्याच्यावर बंदी आली.

१२/
भारताच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय नोंद दिग्दर्शनाच्या पारितोषिकाची आहे. ते मिळाले रॉबर्ट फ्लॅहर्टी आणि झोल्टान कोर्डा यांना, ‘एलिफंट बॉय’ या ब्रिटिश चित्रपटासाठी. कथा किपलिंगची, चित्रीकरणाचा काही भाग म्हैसूर संस्थानातला, आणि प्रमुख भूमिकेत म्हैसूरच्या एका माहुताचा मुलगा, साबू.

१३/
म्हणजे त्या उन्हाळ्यात लिडोवर दोन भारत दाखवले गेले. एक हत्ती, अरण्य आणि गोऱ्या साहेबांच्या नजरेतला, इंग्रजीत बोलणारा. दुसरा देहूचा. कर्जबाजारी वाण्याचे घर, संसाराला कंटाळूनही तो ओढणारी आवली, तिची म्हैस, तिची मुले, आणि विठोबाला थेट जाब विचारायला देवळात शिरणारा तिचा संताप. दिग्दर्शनाचे पारितोषिक पहिल्या भारताला मिळाले.

१४/
मग ‘संत तुकाराम’ला काय मिळाले? करंडक नव्हे, तर विशेष शिफारस, म्हणजे मानपत्र. अशी शिफारस त्या वर्षी आणखी काही चित्रपटांच्याही वाट्याला आली. पुढे सांगणाऱ्यांच्या तोंडी ‘शिफारस झालेल्यांपैकी एक’ याचे ‘जगातील सर्वोत्कृष्ट तिघांपैकी एक’ असे रूपांतर झाले. यात कोणाचा कपटी हेतू असेलच असे नाही. पारतंत्र्यातील समाज परदेशातील कौतुक असेच जपून, थोडे वाढवून सांगतो.

१५/
मात्र शिफारस म्हणजे काहीच नव्हे, हा निष्कर्षही चुकीचा ठरेल. भाषा आणि भक्ती दोन्ही अपरिचित असलेल्या मंडळापुढे चित्रपट टिकला. याची कारणे पडद्यावर दिसतात : पागनीसांचा संयत, नाटकीपणा टाळणारा चेहरा, आवलीच्या भूमिकेतील गौरी यांचा अस्सल ग्रामीण वावर, कामाच्या लयीत मिसळलेले गाणे. वैकुंठगमनाचे यांत्रिक चमत्कार आज जुने वाटतात, घरातील प्रसंग वाटत नाहीत.

१६/
आता अवघड प्रश्न. फॅसिस्ट राजवटीच्या छत्राखालील मानाचा अभिमान बाळगावा का? १९३८ मध्ये याच महोत्सवाचे मुख्य पारितोषिक लेनी रीफेनश्टालच्या ‘ऑलिंपिया’ला आणि ‘लुचानो सेर्रा, पिलोता’ला विभागून दिले गेले. दुसऱ्या चित्रपटाच्या निर्मितीवर मुसोलिनीच्या मुलाची देखरेख होती. ब्रिटिश आणि अमेरिकी परीक्षकांनी निषेध म्हणून अंग काढून घेतले.

१७/
त्या संतापातून फ्रान्सने स्वतंत्र महोत्सव आखला, तोच कान. १ सप्टेंबर १९३९ हा उद्घाटनाचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी हिटलरने पोलंडवर आक्रमण केले. कानचा पहिला महोत्सव भरला तो थेट १९४६ मध्ये. त्यात चेतन आनंद यांच्या ‘नीचा नगर’ला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. मात्र ते एकूण ११ चित्रपटांना विभागून दिले होते, हा तपशीलही बहुधा गाळला जातो.

१८/
त्यानंतरची एक मराठी मातीतील नोंद बर्लिनची. औंध संस्थानात आटपाडीजवळ खुल्या तुरुंगाचा प्रयोग झाला होता. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा रचली आणि शांतारामांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. १९५८ मध्ये फ्रँक काप्रा यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने त्याला विशेष रौप्य अस्वल दिले. सुवर्ण अस्वल त्या वर्षी बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ला गेले.

१९/
आणि व्हेनिस? २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला ‘ओरिझोंती’ विभागातील सर्वोत्तम चित्रपटाचा मान आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ मिळाला. २०२० मध्ये केट ब्लँचेट यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने त्यांच्याच ‘द डिसायपल’ला मुख्य स्पर्धेतील सर्वोत्तम पटकथेचे पारितोषिक दिले. एका चित्रपटात लोकशाहीर न्यायालयात उभा, दुसऱ्यात शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी. दोन्हींचा जीव पुन्हा गाण्यातच.

२०/
शेवटी त्या मानपत्राची गोष्ट. ते दीर्घकाळ बेपत्ता होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून ‘प्रभात’सह अनेक जुन्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट फिती जळाल्या. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मानपत्र संग्रहालयाकडे परत आले. फिती गेल्या, कागद आला. सुदैवाने चित्रपटाच्या प्रती उरल्या, म्हणून तो आजही पाहता येतो.

२१/
पुरस्कारांचा इतिहास वाचताना तीन प्रश्न सोबत ठेवावेत : मान नेमका कोणता होता, तो किती जणांत वाटला गेला, आणि देणाऱ्याला त्यातून काय साधायचे होते. या तिन्ही प्रश्नांना सामोरे जाऊनही ‘संत तुकाराम’ उणा ठरत नाही. फॅसिस्टांच्या मंचावर, रोमच्या सेनापतीच्या विजयगाथेशेजारी, देहूच्या एका निःशस्त्र माणसाची कथा उभी राहिली आणि तिची दखल घेणे परीक्षकांना भाग पडले. एवढे सत्य पुरेसे आहे. त्याला ‘जगातील पहिल्या तिघांत’ या जोडाची गरज नाही.

— धागा समाप्त —