पुस्तक पुरेना, म्हणून कार्यशाळा

मेंदूच्या विद्युत लहरी डोक्यावरून टिपता येतात, हे जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गर यांनी १९२९ साली छापून सांगितलं. पहिली नोंद १९२४ची. पण विश्वास कोण ठेवणार? लहरी इतक्या क्षीण, की यंत्राचीच खरखर म्हणून सोडून देणं सोपं. अखेर १९३४ साली केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी शरीरक्रियाशास्त्रज्ञांच्या सभेत तोच प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखवला. डोक्याला इलेक्ट्रोड लावून बसले होते नोबेल मिळवलेले एड्रियन स्वतः! डोळे मिटले की लहर दिसे, उघडले की नाहीशी होई.

पुढे यंत्रं स्वस्त झाली, संगणक आले. शिकवणारे मात्र तेवढ्या वेगानं वाढले नाहीत. एखाद्या शब्दाला मेंदू देतो तो प्रतिसाद जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. नुसती पापणी लवली, तरी त्याच्या दहापट मोठा झटका नोंदीत येतो. टाळू नीट घासली नाही, खोलीत उकाडा असला, की घामाच्याच लाटा उमटतात. शोधनिबंधात हे सगळं एका ओळीत उरकलेलं असतं. प्रयोगशाळेत विचारायला जाणतं कोणी नसेल, तर पीएचडीची दोन वर्षं पापण्या मोजण्यात जायची!

अमेरिकेतल्या स्टीव्हन लक यांनी २००५ साली या तंत्रावर पाठ्यपुस्तक लिहिलं. साध्या भाषेतलं, आजही वाचावं असं. तरीही २००७ पासून त्यांनी 'ईआरपी बूट कॅम्प' सुरू केला. नवे संशोधक तिथे व्याख्यानं ऐकतात, प्रश्न विचारतात, आणि नोंद कशी घेतात ते डोळ्यांसमोर पाहतात.