कोलंबियाच्या आवारातले झेंडे

न्यूयॉर्कमधल्या मॉर्निंगसाइड हाइट्सच्या टेकाडावर 1821 मध्ये मनोरुग्णांसाठी एक इस्पितळ उघडले. त्याचे नाव ब्लूमिंगडेल असायलम. शहर तेव्हा बरेच दक्षिणेला होते. ते वाढत उत्तरेकडे सरकले, 1890च्या दशकात इस्पितळ व्हाइट प्लेन्सला हलले आणि 1897 मध्ये कोलंबिया विद्यापीठ त्या जागेवर राहायला आले. मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुविशारदांनी आखलेल्या आवाराच्या मध्यावर लो लायब्ररीचा घुमट चढला. इस्पितळाच्या इमारतींपैकी फक्त एक शिल्लक राहिली. तिला आज बुएल हॉल म्हणतात. रोज तिच्यावरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती इथे का आहे, हे कळायला काही मार्ग नव्हता.

1999 मध्ये तो मार्ग तिथल्याच विद्यार्थ्यांनी काढला. मी पुण्यात वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवते, आणि एक्स्टेंडेड रिॲलिटीचा, म्हणजे समोरच्या दृश्यात संगणकाने चित्रे वा माहिती मिसळण्याच्या तंत्राचा, प्रकल्प हाती घेणाऱ्या प्रत्येक गटाला आधी ही हकिकत सांगते. प्रकल्पाची आखणी कशी करावी, याचा याहून चांगला धडा माझ्या पाहण्यात नाही.

सुरुवात दोन वर्षे आधी झाली. संगणकशास्त्राचे प्राध्यापक स्टीव्हन फायनर आणि त्यांचे सहकारी यांनी 1997 मध्ये ‘टूरिंग मशीन’ नावाचा नमुना मांडला. पाठीवर संगणक, बॅटऱ्या आणि जीपीएसची सामग्री लादलेली सॅक, डोळ्यांवर आरपार दिसणारा चष्मा, हातात पेनने चालणारा छोटा संगणक. सगळे मिळून ओझे जवळपास 18 किलोचे. हे घेऊन आवारात फिरले की समोरच्या इमारतीवर तिचे नाव तरंगताना दिसे. मान वळवून एखादे नाव नजरेच्या मध्यावर आणले की ते उजळे, आणि तिथेच सेकंदभर नजर ठेवली की निवडले जाई. मग त्या विभागाची माहिती हातातल्या पडद्यावर येई.

नावेच का दाखवली? इथे आखणीतले शहाणपण दिसते. त्या काळी अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएस संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ते मे 2000 मध्ये थांबले. त्यामुळे ठाऊक असलेल्या जागेवरच्या दुसऱ्या यंत्राकडून दुरुस्ती घ्यावी लागे, आणि तरीही मीटरभराची चूक उरे. डोक्याची दिशा मोजणारे उपकरणही चुके. एवढ्या चुकीत भिंतीवर नेमकी खिडकी बसवता आली नसती. पण इमारतीचे नाव मीटरभर इकडेतिकडे सरकले तरी ते कोणत्या इमारतीचे, हे कळतेच. यंत्राची चूक आधी मोजली, आणि ती चूक ज्याला झेपेल असेच काम त्याला दिले.

मग पत्रकारिता शाखेचे प्राध्यापक जॉन पाव्हलिक आणि त्यांचे विद्यार्थी यात आले. यंत्राची बाजू फायनर यांच्याकडच्या टोबियास हॉलरर या विद्यार्थ्याने पुढे नेली. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी जुनी छायाचित्रे, चित्रफिती आणि कागदपत्रे धुंडाळली. त्यांनी विषय निवडले तेही जमिनीला चिकटलेले: 1968चे विद्यार्थी आंदोलन, आवाराखालची भुयारे आणि ब्लूमिंगडेलचे इस्पितळ.

चष्मा घातला की आवारात जागोजागी झेंडे दिसत: आंदोलनाचे तांबडे, भुयारांचे निळे, इस्पितळाचे हिरवे. तांबड्या झेंड्यांमागे एप्रिल 1968 उभा होता. मॉर्निंगसाइड पार्कमध्ये व्यायामशाळा बांधण्याच्या बेताला आणि विद्यापीठाच्या युद्धसंशोधनाशी असलेल्या संबंधांना विरोध म्हणून विद्यार्थ्यांनी लो लायब्ररीसह पाच इमारती ताब्यात घेतल्या होत्या. 30 एप्रिलच्या पहाटे पोलीस आत शिरले आणि सुमारे 700 जणांना अटक झाली. हे सगळे जिथे घडले त्याच जागेवर उभे राहून ऐकता-पाहता येत होते. हिरव्या झेंड्यांपाशी इस्पितळाच्या इमारती त्यांच्या मूळ ठिकाणी, आजच्या आवारावर उमटत. भुयारांत सहसा कोणाला जाता येत नसे, म्हणून तिथली चौफेर छायाचित्रे जमिनीवरूनच पाहायची सोय केली होती.

या कामाला त्यांनी ‘सिच्युएटेड डॉक्युमेंटरी’ असे नाव दिले. पुस्तकात वाचलेला इतिहास आणि पायाखालची फरशी यांची गाठ त्यात पडते. वास्तुकलेची शिक्षिका म्हणून मला याचे मोल फार वाटते.

यंत्राला झेपेल तेवढेच निवडावे आणि ते नीट करावे, हे या क्षेत्राचा मागचा इतिहासही सांगतो. आयव्हन सदरलँड यांनी 1968 मध्ये डोक्यावर घालायच्या त्रिमितीय पडद्यावरचा शोधनिबंध मांडला. हार्वर्डमध्ये ते काम झाले तेव्हा बॉब स्प्राउल हा पदवीचा विद्यार्थी त्यात होता. छतापासून खाली आलेल्या यांत्रिक दांड्याने डोक्याची हालचाल मोजली जाई. दिसत होत्या त्या नुसत्या रेषा: काड्यांचा ठोकळा, रेणूची रचना, चार भिंतींची खोली. पण मान वळली की चित्र बरोबर वळे, आणि पाहणाऱ्याला ती वस्तू तिथे आहे असे वाटे. 1991 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठात रँडी पाउश यांनी साधा पीसी आणि मुलांच्या व्हिडिओ गेमचा हातमोजा वापरून 5,000 डॉलरच्या आत एक व्यवस्था उभारली. त्यांच्याही गटाला दिसले ते हे, की चित्राच्या झगमगाटापेक्षा हालचालीला तात्काळ मिळणारा प्रतिसाद कितीतरी महत्त्वाचा.

माझ्याकडे येणाऱ्या गटांना बहुतेक वेळा शनिवारवाडा हवा असतो. ओढ समजते. 1730च्या दशकात उभा राहिलेला वाडा 1828च्या आगीत गेला. तट, दिल्ली दरवाजा आणि जोती राहिली. मुलांना लगेच सगळे मजले, कारंजी, झुंबरे उभी करायची असतात. मी त्यांना आधी जोत्यावर नेते. कोणत्या भिंतीला पुरावा आहे, कोणत्या खांबाला नाही, हे कागदावर उतरवा. जिथे पुरावा नाही तिथे रेषाही नको. फोन हातात धरून जागा किती चुकते ते तिथेच मोजा, आणि मग ती चूक सोसेल एवढीच गोष्ट निवडा. पहिला नमुना पुठ्ठ्याचा चालेल, मित्राने शेजारी उभे राहून आवाज दिलेला चालेल. पाहणारा कुठे थांबतो, कुठे गोंधळतो, हे त्यातूनही कळते.

आज 18 किलोची सॅक लागत नाही. खिशातला फोन त्याहून जास्त करतो. म्हणूनच आधी विचार करायची सवय सुटते. विद्यार्थ्यांनो, तुमच्या गावात एखादी बंद गिरणी असेल, बुजवलेली बारव असेल, पाडलेली वेस असेल. प्रोग्राम उघडण्याआधी तिथे जा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, नगरपालिकेचे जुने नकाशे मागा. सांगण्यासारखी एक खरी गोष्ट हाती आली, की मगच चष्म्याचा विचार करा.