दोन पंजांत मावणारी छाती

मागच्या व्याख्यानात अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणं झाली. शेवटी एका श्रोत्याने विचारलं, की वस्तूचा आकार आणि तिचं प्रयोजन यांची ताटातूट झाली तर काय होतं? याचं हाडामांसाचं उदाहरण आहे का? आहे. ते कुत्र्याचं आहे. इंग्लंडमधल्या जॅक रसेल टेरिअरचं.

रसेल म्हटल्यावर या वर्गात बर्ट्रांड आठवणार. तो नव्हे. हा जॉन रसेल, डेव्हन परगण्यातला पाद्री. जन्म 1795 चा, मृत्यू 1883 चा. चर्चपेक्षा घोड्यावर जास्त रमणारा. त्याच्या शिकारीच्या नादावरून बिशपशी त्याचे खटकेही उडाले. ऑक्सफर्डला शिकत असताना, 1819 च्या सुमारास, त्याने गावाबाहेर एका दूधवाल्याजवळ एक पांढरी कुत्री पाहिली आणि तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. (हसू नका, दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.) डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी ठिपके, शेपटीच्या मुळाशी पैशाएवढा एक ठिपका, पाय सरळ, केस दाट आणि राठ. रसेलचा सगळा वंश तिच्यापासून सुरू झाला असं मानतात.

आता हे काम काय होतं ते नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर अवलंबून आहे. शिकारी कुत्र्यांचा मोठा कळप खोकडाच्या मागे धावतो. आपण सर्रास 'कोल्हा' म्हणतो, पण इंग्लंडातलं ते जनावर खोकडाच्या जवळचं, म्हणून मी खोकडच म्हणेन. तर ते खोकड बिळात घुसतं. कळपातली कुत्री मोठी, ती आत जाऊ शकत नाहीत. मग टेरिअर आत सोडायचा. त्याने अंधारात खोकडासमोर उभं राहून भुंकत राहायचं, त्याला बाहेर पडायला भाग पाडायचं. मारायचं नाही! आतच मारलं तर वर घोड्यावर बसलेल्यांची शिकार संपली. म्हणजे या कुत्र्याला धीट असूनही आवर असलेला हवा. कळपामागे मैलोन्‌मैल पळण्याइतके पाय हवेत. रंग पांढरा, म्हणजे बिळातून मातीने माखून बाहेर आला तरी कळप त्यालाच खोकड समजणार नाही. आणि छाती लहान, लवचीक. खोकड जिथून जातं तिथून जाणारी.

छाती मापायची रीत फार साधी आहे. कुत्र्याच्या मागे उभं राहून खांद्यांच्या मागून दोन्ही पंजांनी छाती धरायची. अंगठे वर पाठीवर, बोटं खाली. दोन्हीकडची टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत. टेरिअरवाले हा घेर साधारण 14 इंच धरतात. फूटपट्टी नको, परीक्षक नको. बिळाचं माप माणसाच्या हातात उतरलेलं आहे.

इथपर्यंत आकार हा कामाचा उरलेला ठसा होता. कुणी तो ठरवला नव्हता. जो बिळात अडकला त्याची पिल्लं झाली नाहीत, इतकंच.

1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. रसेल त्याच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी एक. पुढच्याच वर्षी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात फॉक्स टेरिअरचा परीक्षक म्हणूनही तो बसला. पण स्वतःची कुत्री त्याने रिंगणात आणली नाहीत. आपली कुत्री आणि प्रदर्शनातली कुत्री यांत रानगुलाब आणि बागेतला गुलाब यांच्याइतकं अंतर आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मला या माणसाचा हा दुटप्पीपणा (दुटप्पीपणाच म्हणतो) फार बोलका वाटतो. पद्धतीत धोका आहे हे त्याला दिसत होतं, तरी खुर्ची सोडवली नाही.

1876 मध्ये फॉक्स टेरिअरचं लेखी प्रमाणवर्णन आलं. वाईट हेतूने नव्हे. लिहिणारे शिकार जाणणारेच होते. पण बघा, रिंगणात कुत्रा उजेडात, सपाट जमिनीवर, स्थिर उभा असतो. परीक्षकाला डोकं दिसतं, खांदे दिसतात, उभं राहण्याची ऐट दिसते. आवर दिसत नाही. अंधारातला धीर दिसत नाही. जे दिसतं त्याला गुण मिळतात, आणि ज्याला गुण मिळतात त्याची पिल्लं विकली जातात. काही दशकांत फॉक्स टेरिअरचं डोकं लांबलं, खांदे उभे झाले, छाती खोल गेली. कुत्रा देखणा झाला. बिळाच्या तोंडाशी मात्र त्याचं काम संपलं.

म्हणून प्रदर्शनवाले दोषी आणि शिकारी शहाणे, असं म्हणून मोकळं होऊ नका. आर्थर हाइनमन हा रसेलच्या कुत्र्यांचा कट्टर कैवारी. त्याने 1904 मध्ये जुन्या पद्धतीच्या टेरिअरचं वर्णन लिहिलं. पण त्याचा क्लब सुरू झाला 1894 ला बिज्जू उकरण्यासाठी. बिज्जू म्हणजे बळकट पंजांचं, बिळातच ठाण मांडून लढणारं जनावर. तिथे मैलोन्‌मैल पळायचं नसतं. त्या कामाला बुटका, अधिक कडक कुत्रा चालतो. प्रयोजन बदललं की आकार आपोआप घसरतो. काम करणाऱ्यांच्या हातूनसुद्धा. पुढे तर आखूड, वाकड्या पायांचा कुठलाही पांढरा कुत्रा 'जॅक रसेल' म्हणून विकला जाऊ लागला.

1990 मध्ये केनेल क्लबने उंच पायांच्या प्रकाराला मान्यता दिली, तेव्हा कामाचे टेरिअर पाळणाऱ्यांच्या क्लबने विरोध केला. फॉक्स टेरिअरचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. अमेरिकेतल्या अशाच क्लबचा नियम मला विचार करायला लावतो: तिथे जन्मलेल्या पिल्लांची सरसकट नोंद होत नाही. कुत्रा वर्षाचा होऊ द्यायचा, पशुवैद्याकडून तपासून घ्यायचा, मग एकेकट्याची नोंद. कुळ पुरत नाही, तो स्वतः तसा निघाला पाहिजे. नात्यातल्या संकरालाही तिथे मर्यादा आहे.

आणि आता खरी अडचण. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने कुत्र्यांच्या कळपाने खोकडाची शिकार बंद झाली. जमिनीखाली टेरिअर सोडायला अपवाद उरला तो फार अरुंद: पाळलेल्या शिकारपक्ष्यांच्या रक्षणासाठी, एका वेळी एकच कुत्रा. माझी सहानुभूती खोकडाकडे आहे, हे लपवत नाही. पण मग कामाची क्षमता जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं? चाचणीत लाकडी बोगदा असतो, टोकाला जाळीआड उंदीर असतो. त्यात जायची हौस कळते. खोकडासमोर तासभर उभं राहण्याचा आवर कळत नाही. मला वाटतं, तो गुण हळूहळू जाईल, आणि गेल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही, कारण तो विचारणारंच कुणी नसेल.

छातीचं मात्र तसं नाही. केनेल क्लबच्या आजच्या पार्सन रसेलच्या वर्णनातसुद्धा ती दोन पंजांची अट टिकून आहे. रिंगणातला परीक्षक आजही वाकतो, खांद्यांमागून हात घालतो आणि बोटं टेकतात का ते बघतो. ज्या बिळासाठी हे माप होतं, तिथे तो कुत्रा बहुधा कधीच जाणार नसतो.