दारफाळणीचे पाहुणे

जळगावहून रात्रीच्या गाडीत बसलात तेव्हा साल १८९१ झालेलं होतं. ऑक्टोबर महिना, दसरा तोंडावर. मुंबईहून बोटीने रेवस, तिथून बैलगाडी. आणि ११ तारखेच्या दुपारी तुम्ही नवगावजवळच्या एका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घराच्या पडवीत उभे आहात. गाव या लोकांना शनवार तेली म्हणतं, कारण शनिवारी यांचा घाणा फिरत नाही. आज रविवार, तरी बैल मोकळा आहे. उद्या दारफाळणीचा सण, वर्षातला सगळ्यात मोठा उपास.

"सूर्य बुडायच्या आत जेवून घ्या. मग उद्या चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही," नऊवारीतली, गळ्यात मंगळसूत्र असलेली आजी बजावते. जेवताना ती एकेक नाव घेते: सासरा, दीर, पटकीत गेलेली लेक. आज संध्याकाळी ती सगळी घरी येणार आणि परवा, शिळ्या सणाला, परत जाणार. तुम्ही चमकत नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घागर पुजून आगारी टाकलेली आहे तुम्ही. पितर घरी येतात ही काही नवी बातमी नव्हे. फक्त इथे कावळ्याची वाट कुणी बघत नाही.

मुंबईच्या इस्राएली शाळेत शिकलेला नातू मात्र चुळबुळतो. ती शाळा १८७५ साली हाईम सामुएल केहिमकरांनी काढली, आणि तिथे तो हिब्रू शिकला आहे. "हे कुठल्याही किताबात नाही, आजी." त्याचं खरं आहे. मेल्यानंतरचं सांगायला तोरा, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, फार कंजूष. पुढे येरुशलेमात यावरून दोन पंथांत भांडणंच झाली: सदूकी म्हणत, मेलेला मेला, परुशी म्हणत, मेलेले उठतील. परुशांचं म्हणणं टिकलं. बाराव्या शतकात यहुदी पंडित मायमोनिदीसने श्रद्धेची तेरा कलमं मांडली, त्यांतलं शेवटचं कलम मृतांच्या उठण्याचं. म्हणून प्रेत जाळायचं नाही, पुरायचं. दिवसातून तीनदा म्हणायच्या प्रार्थनेतही मेलेल्यांना जिवंत करणाऱ्या देवाची स्तुती येते.

तुम्ही नरकाचं विचारता. आहे, नातू म्हणतो, पण मुदतीचा: जास्तीत जास्त बारा महिने. मेलेल्या बापासाठी मुलगा कद्दिश ही प्रार्थना म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी अकरा महिनेच. पुरते बारा म्हटले तर आपला बाप पक्का पापी होता असं आपणच कबूल केल्यासारखं होईल! धर्मशास्त्रातली ही चतुराई मला फार आवडते. आणि त्या कद्दिशमध्ये मरणाचा एक शब्द नाही, सगळी देवाची थोरवी. कब्बाला ही यहुदी गूढविद्या मानणारे तर आत्मा पुन्हा जन्म घेतो असंही सांगतात; तिथे तुमची मान आपोआप डोलते.

"मग मधल्या काळात माणूस असतो कुठे?"

नातू उत्तरेकडे हात करतो. नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचं गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, अशी यांची परंपरागत कथा. बुडालेल्यांना तिथेच पुरलं. पुरुषांचा एक उंचवटा, बायकांचा दुसरा. "तिथे. मसीहा येईपर्यंत."

"आणि उद्या इथे," आजी म्हणते, आणि उष्टी उचलते.

सोमवारी घर पांढऱ्या कपड्यांत. पूर्वी या दिवशी दारं लावून सगळे घरातच बसत, परक्याशी बोलणंही बंद. आता अलिबागेत १८४८ पासून मशीद आहे. सिनेगॉगला हे लोक मशीदच म्हणतात. पुरुष पहाटेच तिकडे निघतात. दुपारनंतर योनाची गोष्ट वाचली जाते, समुद्रात फेकलेल्या आणि माशाच्या पोटातून जिवंत बाहेर आलेल्या माणसाची. गलबतं फुटणाऱ्या या किनाऱ्यावर ती ऐकताना तुमची भूक जरा वेळ मागे सरते. अंधार पडल्यावर शोफार, म्हणजे एडक्याचं शिंग, एकदा लांब वाजतं आणि उपास सुटतो.

मंगळवारी दारं सताड उघडी. शेजारीपाजारी भेटायला येतात, भिकारी ओट्यापाशी जमतात. मृतांच्या नावाने आज दान द्यायचं. नातू तुम्हाला अजून पटवतोच आहे की आत्मे येणं-जाणं ही सगळी शेजाऱ्यांकडून उचललेली समजूत, यात धर्माचा काही संबंध नाही. बोलता बोलता तो आजोबांचं नाव घेतो आणि पुढच्या हातावर एक आणा ठेवतो.