भोग आणि आगम : मोहने येथील एका प्रश्नाच्या निमित्तानें

उल्हास नदीच्या कांठीं, आंबिवली स्थानकाजवळ मोहने हें गांव आहे; सांप्रत तें कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दींत येतें. तेथील आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीनें गेल्या दिवाळींत आम्हांस एक प्रश्न केला. नोकरी करून तिनें दोन खोल्यांचें घर स्वतःच्या नांवें घेतलें आहे; कर्जाचे हप्ते अद्याप चालू आहेत. आतां विवाह ठरला असून वर तिच्याच घरीं राहावयास येणार. ती म्हणाली, "गुरुजी, ते राहायला आले म्हणजे घर दोघांचं होतं का? शास्त्रात काय आहे?" वकिलास सोडून तिनें आम्हांस विचारावें याचें प्रथम नवल वाटलें, परंतु ग्रंथ चाळूं लागतांच प्रश्न फार जुना आहे असें दिसून आलें. तो विचार वाचकांस सादर करितों.

प्रथम प्रमाणग्रंथाचा निर्णय केला पाहिजे. विज्ञानेश्वराची मिताक्षरा महाराष्ट्रांत मुख्य. परंतु गुजराथ, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें जेथें मतभेद असेल तेथें नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख बलवत्तर, असें मुंबईच्या न्यायालयांनीं ठरविलें होतें. मोहने उत्तर कोंकणांत मोडतें. नीलकंठाचें घराणें मूळ पैठणचें, पुढें काशीस गेलेलें. त्याच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर रावसाहेब मंडलिकांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केलें आणि महामहोपाध्याय काणे यांनीं १९२६ सालीं तो संपादिला. येथें एक सूचना करणें अवश्य वाटतें. विज्ञानेश्वरानें ज्या कल्याण नगराची प्रशंसा केली आहे तें चालुक्यांची राजधानी असलेलें कर्नाटकांतील कल्याण होय. आमचें ठाणें जिल्ह्यांतील कल्याण नव्हे. नामसादृश्यानें अभ्यासकांनीं फसूं नये.

आतां मूळ विषय. शास्त्रकारांनीं स्वामित्वाच्या विचारांत दोन गोष्टी वेगळ्या ठेविल्या आहेत. आगम म्हणजे खरेदी, दान, वारसा इत्यादि ज्या मार्गानें वस्तु आपली झाली तो मार्ग. आणि भोग म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. याज्ञवल्क्य सांगतो कीं, मालकाच्या डोळ्यांदेखत, त्यानें तक्रार न करतां, परक्यानें जमीन वीस वर्षें व इतर धन दहा वर्षें भोगिलें तर मालकाची हानि होते. विज्ञानेश्वर हें वचन आणखी आवरतो : हानि उत्पन्नाची, मूळ भूमीची नव्हे, असा अर्थ तो लावितो. शिवाय गहाण, सीमा, ठेव, अज्ञान बालक, राजा, श्रोत्रिय यांच्या धनाबरोबरच स्त्रियांच्या धनासहि याज्ञवल्क्यानें या नियमांतून वगळलें आहे. प्रेमानें वापरूं दिलेली गाय, उंट वा घोडा मालकाच्या हातून जात नाहीं, असें मनूचें म्हणणें. स्नेहानें दिलेली मुभा हा आगम नव्हे, हें या सर्वांचें सार.

याहून नेमकें वचन बृहस्पतीचें आहे. त्याची स्मृति अखंड उपलब्ध नाहीं. निबंधकारांच्या अवतरणांतून ती जुळवावी लागते, व तें काम रंगस्वामी अय्यंगार यांनीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९४१ सालीं केलें. मित्र, बंधु व सगोत्र यांचें घर, शेत वा दुकान दुसऱ्यानें भोगिलें तरी मालकाचें जात नाहीं. आणि जांवई, श्रोत्रिय व राजपुरुष यांनीं कितीहि दीर्घ काळ भोगिलें तरी त्यांचें होत नाहीं, असा त्याचा आशय. मुळांतील 'विवाह्य' या शब्दाचा अर्थ जांवई असा करितात. नात्यामुळें वा अधिकारामुळें ज्यांस 'ऊठ' म्हणतां येत नाहीं त्यांच्या बाबतींत मालकाचें मौन ही संमति मानूं नये, असें याचें कारण आम्हांस दिसतें. घरजांवयाचा प्रश्न आमच्या पूर्वजांस ठाऊक होता, यास हें वचन पुरेसें आहे.

परंतु केवळ अनुकूल वचनें सांगून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि व बंदिवास या प्रसंगीं पतीनें घेतलेलें स्त्रीधन परत करण्याची त्यास सक्ति नाहीं, असें याज्ञवल्क्य म्हणतो. आणि कात्यायन तर स्त्रीनें कारागिरीनें मिळविलेल्या धनावर पतीचें स्वामित्व सांगतो. या विद्यार्थिनीनें घर विवाहापूर्वीं घेतलें खरें. पण पुढील हप्ते ती विवाहानंतर आपल्या वेतनांतूनच फेडणार. कात्यायनाचें वचन लाविलें असतां नेमकें याच ठिकाणीं तिचें पाऊल अडखळलें असतें.

ही उणीव १७ जून १९५६ रोजीं अंमलांत आलेल्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें भरून काढली. त्याच्या चौदाव्या कलमांत, स्त्रीनें स्वतःच्या कौशल्यानें वा श्रमानें मिळविलेली मालमत्ताहि तिच्या पूर्ण स्वामित्वाची म्हणून स्पष्ट गणिली आहे. घर दान द्यावयाचें तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याप्रमाणें दोन साक्षींचें नोंदलेलें बक्षीसपत्र लागतें. तोंडच्या बोलानें घर जात नाहीं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यांत विरोधी ताब्याची मुदत बारा वर्षें आहे. पण परवानगीचा ताबा विरोधी होत नाहीं. गोव्यांतील एका घरांत बहिणीनें भावास राहूं दिलें आणि तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ सालीं न्यायालयानें ठरविलें कीं, विनामूल्य राहूं दिलेल्यास कितीहि वर्षें लोटलीं तरी घरांत हक्क उत्पन्न होत नाहीं. बृहस्पतीचेंच तत्त्व येथें पुनः दिसतें.

त्याच गोव्यांत पतिपत्नीपुरता नियम मात्र उलट आहे. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या दिवाणी संहितेप्रमाणें, विवाहापूर्वीं वेगळा करार नोंदविला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक होते. मोहन्यांत जें मौनानें सुरक्षित राहतें तें मडगांवांत मौनानें अर्धें होतें.

दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. घर पुरुषाचें असून स्त्री तेथें राहावयास आली, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानें तिला सामाईक घरांत राहण्याचा हक्क दिला आहे. विवाहसदृश संबंधांतील स्त्रीसहि तो लाभूं शकतो. हा हक्क निवासाचा, मालकीचा नव्हे. भोगास संरक्षण आणि आगम जेथल्या तेथें, अशी ही व्यवस्था आहे, व ती न्याय्य आहे असें आमचें मत आहे.

असो. त्या मुलीस आम्हीं इतकेंच सांगितलें : खरेदीखत व हप्त्यांच्या पावत्या एकत्र ठेवाव्या, पतीनें डागडुजीस वा हप्त्यास पैसे दिले तर ते देणगी कीं उसने, तें दोघांच्या सहीनें त्याच दिवशीं लिहावें, आणि मृत्युपत्र करावें, कारण तें नसेल व अपत्य नसेल तर असें स्वार्जित घर पतीकडे व त्याच्या अभावीं पतीच्या वारसांकडे जातें, आईबापांकडे नव्हे. सोसायटींतील नामनिर्देशनानें वारसा ठरत नाहीं, हेंहि सांगितलें. "लिहून ठेवलं तर त्यांना अविश्वास वाटेल," असें ती म्हणाली. आम्हीं उत्तर केलें कीं, लेख हा अविश्वासाचा नसून स्मरणाचा आहे. माणसें प्रेमानें बोललेलें विसरतात, आणि तंटा बहुधा त्यांच्या मुलांत होतो. पुढें ती दोघें मिळून आमच्याकडे आलीं आणि कागद वराच्याच अक्षरांत लिहिला गेला.

हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या मित्रांस एक विनंति. राजेरजवाड्यांचीं पत्रें आपण जपतां. त्याच बासनांतील घरगुती खरेदीखतें, बक्षीसपत्रें व जांवयाशीं झालेले करारहि टाकूं नयेत. कोणत्या स्त्रीचें घर तिचेंच राहिलें आणि कोणत्या स्त्रीचें गेलें, हा इतिहास त्याच कागदांत आहे.