गिरणीतील स्त्रीचा रोज

इंदूरच्या जुन्या रहिवाशांचा घड्याळापेक्षा गिरणीच्या भोंग्यावर अधिक विश्वास असे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८६० च्या दशकात सरकारी कापडगिरणीस हात घातला. पुढे मालवा, हुकुमचंद, कल्याणमल, राजकुमार, स्वदेशी अशा गिरण्या निघाल्या. त्या काढणाऱ्यांची नावे शहराच्या तोंडी आहेत. तेथे राबलेल्या स्त्रियांचा उल्लेख मात्र आपल्या स्थानिक इतिहासलेखनात क्वचितच येतो.

स्त्रीला पुरुषापेक्षा कमी मजुरी मिळे, हे सर्वश्रुत आहे. ती कमी कशी होई, याचा विचार फारसा झालेला नाही. एकाच मागावर पुरुषाला एक दर आणि स्त्रीला दुसरा, हे त्याचे मुख्य रूप नव्हते. कारण स्त्रीला मागावर सहसा उभेच केले जात नसे. मुंबईच्या गिरण्यांत ही रचना स्पष्ट दिसते. विणकामाची मजुरी चढी, म्हणून ते खाते पुरुषांचे. सूत गुंडाळणे, लड्या करणे ही कामे बायकांची. त्यांच्यावर देखरेख करणारी स्त्री मुकादम ‘नायकीण’ म्हणून ओळखली जाई. काम बहुधा उक्ते, म्हणजे जेवढा माल उतरेल तेवढेच दाम. सूत अपुरे आले की हात रिकामे, आणि त्या तासांचा मोबदला नाही. या कामाला नाजूक बोटे लागतात असे कौतुकाने म्हटले जाई; ते कौतुक दरात कधी उतरले नाही!

पुढे कायदे आले. स्त्रियांच्या रात्रपाळीस बंदी झाली. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला. (संस्थानी इंदूरला ब्रिटिश मुलखातील कायदे आपोआप लागू नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावे.) कायद्यांचा हेतू चांगलाच होता. परंतु भत्त्याचा भार मालकावर पडला, पाळ्या वाढल्या, नवी यंत्रे आली, आणि बाई ठेवणे ‘परवडेनासे’ झाले. या कामावरही हळूहळू पुरुष आले.

समान मोबदल्याचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ साली झाला. भारताने त्यास १९५८ साली मान्यता दिली. समान वेतनाचा कायदा व्हावयास १९७६ साल उजाडले. त्याची कसोटी होती एकच किंवा सारख्या स्वरूपाचे काम. जिचे खातेच निराळे, तिने तुलना करावी कोणाशी? शिवाय तोवर गिरण्यांत स्त्रिया उरल्याच होत्या किती!

१२ डिसेंबर १९९१ रोजी हुकुमचंद गिरणी बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागला. तोवर अनेकजण निवर्तले होते आणि त्यांच्या विधवा त्या पैशाची वाट पाहत होत्या. सभासदांपैकी कोणाच्या घरी आजीचे किंवा पणजीचे हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी जपलेली असेल, तर ती ग्रंथालयाच्या दप्तरी अवश्य द्यावी. मूळ कागद देणे जिवावर येत असेल, तर नक्कलही चालेल.